दोन पुरुष उंचीचं अक्षर

शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर मी उभा होतो. हातात पतंगाचा पातळ कागद, कानावर पेन्सिल, आणि खाली निम्मा सातारा जमलेला. निम्मा म्हणजे सात-आठ माणसं असतील, पण शिडीवरून ती निम्मा सातारा वाटतात. घोंगडीच्या दुकानाचा मालक दोन्ही हात कमरेवर ठेवून खालून विचारत होता, "आवं पाव्हनं, बोर्ड काढून न्ह्यायचा बेत हाय का काय?"

"बोर्ड नको. नुसती अक्षरं नेतो."

"अक्षरं न्हेली तर मागं काय ऱ्हायलं? फळी?"

निम्मा सातारा हसला. मी कागद बोर्डावर दाबून धरला आणि पेन्सिल फिरवायला लागलो.

मी तेव्हा सांगलीच्या एका छापखान्यात लाकडी अक्षरं कोरायचो. लढाईचे दिवस होते. छापखान्यातलं नेहमीचं अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. तो बोटाएवढा असतो तोवर ठीक. पण भिंतीवर लावायच्या जाहिरातीला वीतभर अक्षर लागतं आणि शिशाचं वीतभर अक्षर उचलायला पैलवान लागतो. म्हणून मोठं अक्षर लाकडाचं. वाळलेल्या शिसवाच्या ठोकळ्यावर ते उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उठतं. ठोकळ्याची उंची केसाइतकीही कमी-जास्त चालत नाही. कमी झाली तर अक्षर छापत नाही आणि जास्त झाली तर कागद फाटतो. मी त्या काळी इतका बारीक कोरायचो की माझ्या 'ळ'च्या वेटोळ्यात मुंगी शिरली तर तिला बाहेरची वाट सापडायची नाही. हे मी सांगतो. छापखान्यातले बाकीचे लोक वेगळं सांगतील.

तर भानगड अशी झाली होती. मिरजेच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावातून बाबगोंडा अण्णा आले होते. एके काळचे नामी पैलवान. आता गावची तालीम चालवायचे आणि वर्षाला एक कुस्त्यांचं मैदान भरवायचे. ते खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही, अण्णा हवेत बसल्यासारखे वाटायचे. आमचे मालक तात्या यांनी त्यांच्यापुढे मुंबईच्या टाइप फाउंड्रीचा कॅटलॉग उघडून ठेवला. फाउंड्री म्हणजे जिथे खिळे ओततात तो कारखाना. अण्णांनी चार पानं उलटली आणि कॅटलॉग मिटला.

"ही अक्षरं नगंत," ते म्हणाले.

"अहो, अगदी नवी फॅशन आहे," तात्या म्हणाले.

"आसंल. पर ही कारकुनाची पोरं हाईत. कुस्तीची जाहिरात हाय आमची. अक्षराला छाती पायजे."

"छाती म्हणजे कशी?"

"साताऱ्यात घोंगडीचं दुकान हाय. त्याच्यावरचा बोर्ड बगा. मी इशीत आसताना बघितला हुता. आजून डोळ्यांफुडनं जात न्हाई. तसली अक्षरं आसली तर छापा, न्हाईतर मी कोल्लापूरला जातो."

अण्णा गेल्यावर तात्यांनी मला बोलावलं. तात्या रागावले की आवाज खाली न्यायचे. त्या दिवशी तो जवळजवळ जमिनीला लागला होता.

"सुतार, अण्णा पुढच्या गुरुवारी प्रूफ बघायला येणार. कागद कंट्रोलचा. एकदाच छापता येईल, दुसऱ्यांदा छापायला कागद नाही. तुमची अक्षरं अण्णांना पटली तर ठीक. नाही पटली तर मी मुंबईचे तयार संच मागवून टाकतो. मग हे कोरकामाचं बाक कशाला अडवून ठेवायचं? तुम्ही बाइंडिंगला बसा."

बाइंडिंगला म्हणजे खळ लावून वह्या चिकटवायला. ते बाक माझ्या वडिलांनी घडवलेलं. त्याच्यावर मी अकरा वर्षं कोरत होतो. लाकडाला माझ्या कोपराचे दोन खळगे पडले होते. म्हणून मी मिरजेहून रेल्वे धरली, सातारा रोडला उतरलो, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार धरली. पेट्रोल लढाईला गेलं होतं. ती मोटार चढावर अशी चालायची की मी खाली उतरलो, झाडाखाली बसून शिदोरी सोडली, हात धुतले आणि चालत जाऊन पुन्हा त्याच मोटारीत बसलो.

आणि बोर्ड पाहिला. माडीच्या कठड्याला ठोकलेला, रस्त्यापासून चांगला दोन पुरुष उंच. 'अस्सल घोंगडी व सुती जाजम'. अण्णा खोटं बोलत नव्हते. अक्षरं रस्त्यावरच्या माणसाकडे अशी बघत होती, जणू आता शड्डू ठोकतील. मी पाच मिनिटं तोंड उघडं टाकून उभा राहिलो. मग शिडी मागितली.

वर गेल्यावर ती अक्षरं जरा डोकेजड वाटली. वरचा भाग रुंद, शिरोरेषा जाड, खाली येता येता बारीक. मी म्हटलं, हीच ती छाती. मला माझ्या हाताचा फार गर्व. केसाचाही फरक न करता मी सगळी अक्षरं कागदावर उतरवून घेतली. खाली आलो तेव्हा दुकानदारानं बोर्डाकडे एकदा नीट बघून खात्री करून घेतली की सगळी अक्षरं जागेवर आहेत.

"रंगवला कुणी हा?" मी विचारलं.

"उस्मान पेंटरनं. माझ्या बापाच्या टायमाला. आता वाईला ऱ्हातोय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अक्षरं माझ्या पिशवीत होती. पेंटरशी मला काय काम?

सांगलीला आल्यावर फूटभर अक्षरांवर चौकटी आखल्या आणि त्याच मापानं ती वीतभर केली. आता अडचण दुसरीच. अण्णांना हवं होतं 'कुस्त्यांचे जंगी मैदान'. बोर्डावरून मला स, त, ज, ग, म मिळाले. क, य, च, द, न हे पाच बोर्डावर नव्हतेच. जुन्या पाटीवरून संच करायचा म्हणजे हेच खरं काम. जी अक्षरं नाहीत ती, असती तर कशी असती, हे ओळखायचं. मी 'व'ला शेपूट लावून 'क' केला. 'घ'ची गाठ सोडवून 'य' केला. 'ड'ला समजावून 'द' केला. 'च' रुसला होता, त्याला दोन दिवस लागले. 'न'ला मात्र बोर्डावर नातेवाईकच सापडेना. शेवटी मी कागद बाजूला ठेवले, डोळे मिटले, तो रस्त्यावरून पाहिलेला बोर्ड आठवला आणि हात चालेल तसा 'न' काढून टाकला.

मंगळवारी दुपारी ठोकळे जुळवले, शाई फिरवली, प्रूफ काढलं. प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना. कागद उचलला.

अक्षरं भयंकर दिसत होती. भलेमोठे फेटे बांधलेले आणि खाली पाय नसलेले आठ लोक एका दांडीला लोंबकळावेत तशी. 'मै' तर आत्ता तोंडावर आपटतो की मग, अशा बेतात. तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"सुतार, ही पडताहेत."

"बोर्डावर अशीच आहेत, तात्या. मापून घ्या."

"मापून काय करू? अण्णा मापणार आहेत का? दुसरी कोरा."

"शिसव संपलं. ओल्या लाकडाचं कोरलं तर छापेपर्यंत वाकेल."

तात्यांनी कपाटातून मुंबईचा कॅटलॉग काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्या बाकाकडे नुसतं बघितलं. नवऱ्या मुलीच्या बापानं घर विकायच्या आधी बघावं तसं.

मी प्रूफ गुंडाळलं आणि वाई गाठली. बुधवार उजाडला होता.

उस्मानचाचा कृष्णेच्या काठी सापडले. बैलबाजार जवळ आलेला, म्हणून ते एका खिलार बैलाची शिंगं रंगवत होते. बैल चार माणसांना आवरत नसेल असा, पण चाचांपुढे न्हाव्यापुढे बसल्यासारखा गप. शेजारी त्यांच्या बीबी, अमीनाबी, वाटीत शिंगांचा लाल रंग, हिंगूळ, कालवत बसल्या होत्या.

"चाचा, साताऱ्यातला घोंगडीच्या दुकानाचा बोर्ड तुमचाच ना?"

"साताऱ्यात मी शंभर बोर्ड रंगवले, बेटा. त्यातली नव्वद दुकानं बुडाली. बोर्ड तेवढे टिकले." शिंगावरून नजर न काढता ते म्हणाले, "कुणाची तक्रार हाय?"

मी प्रूफ पुढे धरलं. चाचांनी कुंचला बैलाच्या पाठीवर आडवा ठेवला. कागद बघितला. अमीनाबींनी मान लांब करून बघितला.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "ह्येंना काय झालं? आजारी हाईत?"

"तुमच्याच बोर्डावरून घेतलीत. केसाचा फरक नाही," मी म्हणालो. आवाज रडका झाला असेल, नाही म्हणत नाही.

"कुठनं उतरवलीस?"

"शिडीवरून. अगदी समोर उभा राहून."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बैल दूध देतो का विचारलं होतं. "झोप," ते म्हणाले.

"कुठे?"

"हितं. वाळूत. उताणा."

मी झोपलो. अशा वेळी विचारत बसायचं नसतं. चाचा माझ्या पायांकडून चार पावलं मागे गेले आणि कागद दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. आणि काय सांगू, ती आठही अक्षरं उठून उभी राहिली. फेटे आटले, पाय फुटले, छाती बाहेर आली. 'कुस्त्यांचे जंगी मैदान'. त्या खिलारापेक्षा मजबूत.

"आता कसं दिसतंय?"

"चाचा, हे झालं कसं?"

"उंचावरचं अक्षर खालनं बघितलं की त्याचं डोकं लहान दिसतं. आपण माणसाच्या पायाशी बसलो की त्याचं डोकं लहान दिसतं तसं. म्हणून वरचं अंग मी वाढवून काढायचो. मापानं न्हाई, अंदाजानं. बोर्ड सांगायला गिऱ्हाईक आलं की माझा पहिला सवाल, किती वर लावणार? दुसरा सवाल, वाचणार कोण? काय लिहायचं ते सगळ्यात शेवटी."

"वाचणार कोण, ह्यानं काय फरक पडतो?"

"घोंगडीच्या दुकानाला लोकर घेऊन कोण येतं? धनगर. डोक्यावर ह्येवढं गाठोडं. त्येला मान मागं टाकता येत न्हाई, नुसते डोळे वर करतो. मग त्येला दिसायला पायजे ना? मी डोक्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन रस्त्यात उभा राहायचो, बघायचो, वर जाऊन पुसायचो, परत खाली."

"दोन दिवस," अमीनाबी म्हणाल्या. "मला वाटलं पेंटरकी सोडून हमाली धरली. माहेरी निरोप धाडणार हुते."

मी वाळू झटकून उठलो. आयुष्यभर मी अक्षर समोर धरून पाहिलं होतं, कारण छापखान्यात ते तसंच बघतात. बोर्डावरून अक्षरं आणली, पण तो रस्ता साताऱ्यातच ठेवून आलो होतो.

"चाचा, उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार. लाकूड नाही. वेळ नाही. आता काय करू?"

चाचांनी कुंचला उचलला आणि दुसऱ्या शिंगाला लागले. "अक्षर खाली येत नसंल तर कागद वर न्ये. त्यात काय येवढं?"

गुरुवारी तात्या येण्याआधी मी छापखान्यात होतो. आतल्या दारावरच्या भिंतीला, आढ्याच्या अगदी खाली, प्रूफ डकवून टाकलं. तात्या आले, वर बघितलं, त्यांचा चेहरा बदलला.

"नवी कोरलीत?"

"तीच आहेत."

"मग वर कशाला लावलीत?"

"वाळायला," मी म्हणालो. हे खोटं होतं. पण तात्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते अण्णांना आधीच सांगून टाकलं असतं.

अण्णा आले. उंबऱ्यात थबकले. मान वर. बराच वेळ त्यांचं काही चालू आहे का बंद पडलंय, हेच कळेना.

"ह्येच," ते हळूच म्हणाले. "ह्येच ते."

तात्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ती अशी डोललेली बघितली. आणि तेवढ्यात अण्णा म्हणाले, "काढा बगू. हातात घिऊन बगतो."

"शाई ओली आहे, अण्णा," मी म्हणालो.

"मी धरलं तर वाळंल."

त्यांनी नुसता हात वर केला. मला शिडी लागली होती, त्यांना नाही लागली. कागद खाली आला. अण्णांनी पोटाशी धरून बघितला आणि त्यांची नजर हळूहळू माझ्यावर आली.

"ह्यो काय परकार?"

तात्यांचा हात कॅटलॉगकडे गेला. मी बघितला. आता लपवून उपयोग नव्हता. मी वाईचं सगळं सांगितलं. वाळू, बैल, धनगराचं गाठोडं. ही अक्षरं उंचावरचीच आहेत, खाली लावली तर पडतील, हेही सांगितलं. अण्णांनी कागद हातानं वर धरला. खाली घेतला. पुन्हा वर धरला. मग कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "चीत झाल्याला वरचा गडी आसाच दिसतो गड्या. सगळी छाती आन् लांब कुठंतरी बारकं डोस्कं. मला ठावं हाय. मी दोनदा बघितलाय."

पायानं चालवायचं ट्रेडल मशीन चालवणाऱ्यानंसुद्धा पाय थांबवला.

"किती उंच लावायचा?" अण्णांनी विचारलं.

"दोन पुरुष तरी. पण अण्णा, गावोगाव एवढ्या शिड्या..."

"शिडी कशाला? माझ्या तालमीत चाळीस गडी हाईत. एकाच्या खांद्यावर एक. छापा."

तात्यांनी कॅटलॉग कपाटात ठेवला. "सुतार," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात, म्हणजे मोठ्यानं, "बाकावर कचरा किती साठलाय. साफ करा. अजून बाराखडी कोरायची आहे."

मग जे झालं त्यातलं निम्मं खरं धरा. अण्णांच्या पैलवानांच्या जोड्या खळीचे डबे घेऊन गावोगाव निघाल्या. एक गडी पारावर शड्डू ठोकून उभा राहायचा, दुसरा त्याच्या खांद्यावर चढायचा आणि जाहिरात चावडीच्या वरच्या भिंतीला लावायचा. हे बघायलाच गाव जमायचं. एका गावात तर लोकांनी जाहिरात न वाचताच विचारलं, खेळ संपला का आणखी आहे. एका पोलीस जमादारानं वरच्या गड्याला हटकलं, कारण भिंतीवर रात्रीतून सरकारविरुद्धची पत्रकं लागायचे ते दिवस होते. मग जमादारानं मान वर करून सगळं वाचलं आणि मैदानात आपल्यासाठी चांगली जागा राखून ठेवायला सांगितलं. आणि आटपाडीकडे, जिथे खळीच्या वासानं शेळ्या कुठलीही जाहिरात दुपारपर्यंत खाऊन टाकायच्या, तिथे आमची एकूण एक जाहिरात शिल्लक राहिली. शेळ्या खाली बसून वर बघत रवंथ करायच्या.

मैदानाला माणूस किती आला ते सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही आणि मला कमी सांगता येत नाही.

मैदानाच्या दिवशी मी उस्मानचाचा आणि अमीनाबींना बोलावून घेतलं. चाचा कुस्त्या बघायला गेलेच नाहीत. वेशीच्या भिंतीवर लावलेल्या जाहिरातीखाली उभे राहिले. दोन पावलं मागे, एक पुढे. मग शेजारून एका बाईच्या डोक्यावरचा वैरणीचा भारा मागून घेतला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि नुसते डोळे वर केले. ती बाई अमीनाबींकडे बघत होती. अमीनाबी म्हणाल्या, "आसूं दे बाई. त्येंचं आसंच आसतंय."

बऱ्याच वेळानं चाचांनी भारा परत दिला.

"तो 'म' तुझा," ते म्हणाले. "कच्चा हाय. अंगात जीव न्हाई त्येच्या."

तो 'म' मी त्यांच्या बोर्डावरून केसाचाही फरक न करता उतरवला होता.

"आन् तो शेवटचा 'न' बघ," त्यांनी बोट केलं. "तो माझा. कुठल्या बोर्डाला काढला हुता आता ध्येनात न्हाई, पर हात माझा हाय. लपत न्हाई."

अमीनाबींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"व्हय चाचा," मी म्हणालो. "तुमचाच."

पुढे तात्यांच्या छापखान्यात त्या वळणाची सगळी बाराखडी झाली. तिच्या शिसवी ठोकळ्यांनी कपाटाचे तीन खण भरले आणि माझं बाक मी रिटायर होईपर्यंत हललं नाही. राहिलेली सगळी अक्षरं मी त्या 'न'वरून काढली. 'म' दुसरा कोरला. या धंद्यात मी एवढंच शिकलो, की मोजून उतरवलेलं अक्षर आपल्या नावावर लागतं आणि मनानं काढलेलं उस्तादाच्या. त्याबद्दल तक्रार करायची नसते. उस्ताद समोर असतील तर 'व्हय' म्हणायचं आणि भारा परत करायला मदत करायची.